उजवीकडची टाइल

दुकानातली वीज गेली म्हणून तो त्या दिवशी दुपारीच घरी आला. दुकान चष्म्याचं, मागच्या खोलीत डोळे तपासायचं यंत्र, आणि वीज नसली की ते यंत्र आणि तो दोघंही सारखेच निरुपयोगी. घराचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टाइल्स बदलायच्या होत्या, कंत्राटदार मापं घ्यायला येणार होता हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे उघड्या दाराचं त्याला काही वाटलं नाही. वाकून त्याने एक बूट काढला, दुसऱ्याच्या नाडीला हात घातला, आणि आतून बायकोचा आवाज आला, "नाही, हा नको. मला हिरवा हवा." एवढंच. पण तो तसाच वाकलेला राहिला, नाडी बोटांत धरून, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा. आधी त्याला वाटलं, आत दुसरी कोणी बाई आली आहे. आवाज बायकोचाच होता, पण वाक्य तिचं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी शिकून नोकरीला लागून दुसऱ्या शहरात राहायला गेली, आणि या सगळ्या काळात 'नको' आणि 'मला हवा' हे बायकोच्या तोंडून एका दमात बाहेर पडलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकायला मिळालं कोणाला, तर फरशा बसवणाऱ्या एका परक्या माणसाला! त्याच्या पोटात दुखलं. लोक बोलताना म्हणतात तसं नव्हे. अगदी खरोखर, बरगडीच्या खाली, घाईघाईत जेवून धावलं की दुखतं तिथे.

आत गेला तर दोघं जमिनीवर उकिडवी बसलेली. ओट्यासमोरची टाइल गेल्या महिन्यात फुगून वर आली होती, तिथून सगळ्या कामाला सुरुवात झाली. कंत्राटदाराने मुठीतल्या हातोडीचा दांडा आपटत आपटत सगळी जमीन वाजवून पाहिली होती आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली मारली होती. आता जिकडेतिकडे फुल्याच होत्या. मधोमध नमुन्याच्या टाइल्स पसरलेल्या, आणि बायकोच्या हातातसुद्धा खडू! तिच्या साडीच्या निऱ्यांना पांढरी पावडर लागली होती आणि ती तिच्या लक्षात नव्हती. त्याला पाहिल्याबरोबर ती उठली, हात पदराला पुसले, तब्येत बरी आहे ना विचारलं आणि चहा टाकायला वळली. कंत्राटदार बसल्या बसल्याच म्हणाला की ताई, मग हिरवाच धरतो. तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिलं. कंत्राटदाराकडे नाही, टाइलकडे नाही, नवऱ्याकडे. आणि यांना विचारून सांगते, असं म्हणाली. आवाज लगेच नेहमीचा झाला होता, मऊ, कडा घासून गुळगुळीत केलेला.

तो कंत्राटदार देखणा असता तर किती बरं झालं असतं! मग जळायला एक सरळ कारण मिळालं असतं, चारचौघांना समजेल असं. पण या गृहस्थाचं पोट पट्ट्यावरून बाहेर सांडत होतं, केसांना कलप लावलेला, तोही कानांपर्यंत पोचायच्या आधीच संपलेला, तोंडात कायम वेलदोडा. बोलणं म्हणजे बढायांचं पोतं. अमक्या बंगल्याचं काम मीच केलं, तमक्या हॉटेलच्या मालकाने मला मिठी मारली. वेळेची तर बोंबच. सकाळी येतो म्हणाला की दुपार धरून चालायची आणि उद्या म्हणाला की परवा. बायकोने असल्या माणसाकडे त्या दृष्टीने पाहिलं असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याचं दुखणं वेगळंच होतं आणि ते कोणाला सांगावं तर हसू व्हावं. बायको त्या माणसाला 'नको' म्हणाली होती. नकार दिला होता तिने त्याला, तोंडावर, सहज, खुर्ची सरकवावी तसा. तो नकार आपल्या वाट्याला का आला नाही, म्हणून हा इथे तडफडत होता. जगात नवरे कशाकशावरून जळत असतील, पण बायकोने दुसऱ्याला दिलेल्या नकारावरून जळणारा आपण एकटेच असू, असं त्याला वाटलं आणि त्याची स्वतःलाच शरम वाटली. शरम वाटून जळणं थांबलं मात्र नाही.

दिवसभर तो लोकांना एकच प्रश्न विचारायचा. यंत्राच्या काचेआड समोरच्याचा डोळा, इकडे याचा हात, खट् करून एक भिंग, खट् करून दुसरं. हे बरं दिसतं की हे? आता? हे की हे? या प्रश्नावर त्याचं पोट चालत होतं आणि हा प्रश्न घेऊनच तो रोज घरी येत होता. लग्नानंतर फिरायला जायचं ठरलं तेव्हा त्याने विचारलं होतं, समुद्र की डोंगर? ती म्हणाली होती, तुम्हाला बरं वाटेल ते. मग डोंगरावर गेले, आणि घाटात प्रत्येक वळणावर तिला उलटी होत होती, आणि प्रत्येक उलटीनंतर ती तोंड पुसून म्हणत होती की किती छान हवा आहे नाही? पडदे घेताना त्याने दोन कापडं दाखवली होती. फ्रिज घेताना दोन फ्रिज. मुलीचं नाव ठेवताना दोन नावं, आणि ती एका क्षणात म्हणाली होती, दुसरं छान आहे, आणि त्यालाही दुसरंच हवं होतं, आणि किती जुळतं आपलं म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. या जुळण्याचा त्याला केवढा अभिमान होता! दोस्तांच्या घरी बायका बोलून नवऱ्यांचा पिट्ट्या पाडतात, आमच्याकडे आवाज म्हणून चढत नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा. मी कधी काही लादलं नाही, दर वेळी तिला विचारलं, निवड तिचीच. आणि आता जमिनीवर बसलेली बायको डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिने खडू कसा धरला होता? शाळेत फळ्यावर नाव लिहायला पाठवलेल्या मुलीसारखा, बोटं पांढरी होईपर्यंत घट्ट.

त्या रात्री जेवताना त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की टाइल्सचं काय ठरलं. ती म्हणाली, काही नाही, ते दाखवत होते नमुने. मग भाजी वाढता वाढता म्हणाली, ते म्हणत होते हिरवा चांगला दिसेल, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणत होते! तो घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला. आपल्या कानांनी ऐकलेली तिची इच्छा ती त्या ढेरपोट्याच्या खांद्यावर टाकून आपल्यासमोर आणत होती, म्हणजे नाकारलीच तर त्याची नाकारली जाईल. आता त्याला म्हणता आलं असतं की मी ऐकलं, तुला हिरवा हवा आहे ना, मग हिरवा घेऊ. एवढं सोपं होतं. पण त्याला ते द्यायचं नव्हतं, तिने ते त्याच्याकडे मागायला हवं होतं. म्हणून तो म्हणाला की हिरवा? स्वयंपाकघरात? दवाखाना वाटेल. आणि तो वाट पाहू लागला. आता म्हण, तो मनात तिला विनवत होता, अक्षरशः विनवत होता, आता म्हण की वाटू दे दवाखाना, मला हवा आहे. ती म्हणाली, हो, खरंय तुमचं. आणि तिने त्याला आणखी भाजी वाढली, ती त्याला नको होती.

पुढच्या खेपेला कंत्राटदार यायचा होता तेव्हा तो मुद्दाम दुकान लवकर बंद करून घरी बसला. वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकली. कंत्राटदार आला, अर्थातच उशिरा, आणि आल्या आल्या त्याने नमुने मांडले, जमिनीवर सिमेंट न लावता नुसत्याच कोरड्या टाइल्स रांगेने ठेवल्या. कोपऱ्यात कुठे कापलेला तुकडा लागेल, तो दारापाशी येऊ द्यायचा की फ्रिजमागे दडवायचा, शेगडी गॅलरीत कुठे हलवायची, मोरीच्या बाजूला उतार किती ठेवायचा, असं विचारत सुटला. विचारत होता तो बायकोला. बायको पाहत होती याच्याकडे. शेवटी कंत्राटदाराच्याही ध्यानात आलं आणि तो यालाच विचारू लागला, साहेब, तुकडे कुठे टाकू? याला काय कळतंय तुकडे कुठे टाकायचे! या स्वयंपाकघरात तो पाणी प्यायला येत होता, बस. पण त्याने खाकरून उत्तर दिलं, दारापाशी टाका, आणि बायकोचा चेहरा किंचित, अगदी पापणी लवावी इतका किंचित आवळला आणि सैल झाला. ते त्याने पाहिलं. डोळे पाहण्यात जन्म गेलेला माणूस तो, पापणी त्याच्या नजरेतून सुटली नसती. तिला तुकडे दारापाशी नको होते. ती बोलली नाही. आपण नुसते खुर्चीत बसलो की ही बाई मिटते, आपण उठून गेलो की उघडते, हे इतकं उघड असताना आपल्याला आजवर कसं दिसलं नाही?

मग त्याने ते केलं जे त्याच्यासारख्या माणसाने करू नये. दोनच दिवसांनी, कंत्राटदार पुन्हा येणार होता तेव्हा, तो दुकानातून निघाला आणि स्वतःच्याच घराच्या जिन्यात, वळणापाशी भिंतीला टेकून उभा राहिला. वरच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन येताना दिसली तेव्हा त्याने खिसे चाचपल्याचं नाटक केलं, किल्ली हरवल्यासारखं. दार थोडं उघडं होतं. आत टाइल्स ठेवल्याचे टक् टक् आवाज येत होते आणि बायको बोलत होती. सलग बोलत होती. लहानपणी सुट्टीत आम्ही मावशीकडे जायचो, ती सांगत होती, तिच्या मागच्या खोलीत हिरवी फरशी होती. दुपारी सगळी झोपली की मी तिथे जाऊन पालथी पडायची, गाल फरशीला लावून. गार असायची. कोणी हाक मारायचं नाही. माझ्या श्वासाची वाफ फरशीवर धरायची आणि मी बोटाने त्यात चित्रं काढायची, आणि परत पुसून परत काढायची. जिन्यात उभ्या असलेल्या या माणसाने ही मावशी पाहिली होती. लग्नात तिने त्याला घड्याळ दिलं होतं. पण ही खोली, ही दुपार, हा फरशीला चिकटलेला लहान गाल, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि सांगते कोणाला! कंत्राटदाराच्या खिशातला फोन मध्येच वाजला, तो म्हणाला, हो ना, हो ना, थांबा हं ताई, आणि फोनवर कोणाला तरी ट्रक आला नाही म्हणून झापू लागला. त्याने ऐकलंसुद्धा नव्हतं धड. त्याच्या लेखी ती गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाची बडबड. आणि इथे जिन्यात हा, ज्याने त्यातला एक एक शब्द पायरीवर पसरून ठेवून पुन्हा पुन्हा वाचला असता, जो त्या वाफेवरच्या चित्रासाठी दुकान विकायला तयार झाला असता, हा चोरासारखा किल्ली शोधत उभा. त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला. त्या माणसाला काहीही किंमत नसलेली वस्तू फुकट मिळत होती, आणि याला ती जन्मभर संसार करून मिळाली नव्हती.

खाली रस्त्यावर येऊन, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, त्याने काही वेळ जाऊ दिला आणि मग कंत्राटदाराला फोन लावला. म्हणाला, घरच्यांचा विचार बदलला आहे, इतक्यात काम करायचं नाही, तुम्ही पुन्हा येऊ नका. त्याची अपेक्षा होती की तो माणूस चिडेल, वाद घालेल, निदान कारण तरी विचारेल. कंत्राटदार म्हणाला, काही हरकत नाही साहेब, होतं असं बायकांचं, कधी मन झालं तर सांगा. एवढं बोलून त्याने फोन ठेवलाही. त्याला यत्किंचितही लागलं नव्हतं. याचा राग याला त्या मावशीच्या गोष्टीपेक्षाही जास्त आला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की कंत्राटदाराचा फोन होता, त्याला कुठे तरी मोठं काम मिळालं आहे, तो येणार नाही. आपण दुसरा पाहू, मी स्वतः लक्ष घालतो. ती ओट्याशी होती. ती म्हणाली, बरं. मागे वळलीही नाही.

त्यानंतरच्या दिवसांत घर नेहमीसारखंच चालू होतं आणि हेच त्याला सहन होत नव्हतं. तिने तोंड पाडलं असतं, भांडी आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती तितकंच बोलत होती, तितकंच वाढत होती, मुलीचा फोन आला की तशीच हसत होती. एकदा सकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तर ती खिडकीपाशी उभी होती. कंत्राटदाराचा एक नमुना राहून गेला होता, हिरवी टाइल, ती जमिनीवर ठेवलेली आणि बायकोचा एक पाय चपलेतून निघून त्या टाइलवर टेकलेला. नुसता टेकलेला. तळवा सपाट, बोटं थोडी पसरलेली, आणि चेहरा खिडकीबाहेर. किती वेळ ती तशी उभी होती कोणास ठाऊक. त्याच्या हातातला पेला वाजला आणि तिने पाय चपलेत घातला, टाइल उचलून ओट्याखाली सरकवली आणि विचारलं, चहा करू का? त्याला वाटलं, आपण नको त्या वेळी नको त्या खोलीत शिरलो. स्वतःच्याच बायकोच्या एका उघड्या पायापुढे त्याची मान खाली गेली. आणि त्या टाइलचासुद्धा, अहो, टाइलचासुद्धा त्याला हेवा वाटला.

दुकानात मन लागेना. अशातच एक दिवस एक बाई डोळे तपासायला आल्या. प्रत्येक भिंगाला त्या लगेच, घाबऱ्या घाबऱ्या, हे बरं, हे जास्त बरं, असं म्हणत होत्या. अशी माणसं त्याच्या धंद्यात नेहमीची. त्यांना वाटतं ही परीक्षा आहे आणि समोरच्याच्या मनातलं उत्तर बरोबर आलं पाहिजे. त्यांच्यासाठी एक साधी युक्ती असते. तेच भिंग दोनदा दाखवायचं. खट् करायचं, पण बदलायचं काही नाही, आणि विचारायचं, हे की हे? जो खरं बोलतो तो म्हणतो, फरक नाही हो. जो आपलं मन राखतो तो म्हणतो, दुसरं बरं. त्या बाई म्हणाल्या, दुसरं बरं. त्याने हात यंत्रावरून काढला. तो तसाच स्टुलावर बसून राहिला, आणि त्या बाईंनी दोनदा विचारलं की काही चुकलं का माझं?

संध्याकाळी तो टाइल्सच्या दुकानात गेला आणि दोन टाइल्स घेऊन घरी आला. दोन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच सायीच्या रंगाच्या, डाव्या-उजव्याचा काडीइतकाही फरक नाही. बायको भाजी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, दोन हातांत दोन टाइल्स धरल्या आणि म्हणाला, "यातली कोणती?" म्हण, फरक नाही. म्हण, काय चेष्टा लावली आहे. म्हण काहीही. तिने निवडता निवडता वर पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, क्षणभरही विचार केला नाही.

"उजवीकडची," ती म्हणाली.

त्याने टाइल्स हळूच टेबलावर ठेवल्या. दोन्ही एकच आहेत, तो म्हणाला, तू नीट पाहिलंस तरी का? मला दिसतंय की, ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कुणाला औषधाची वेळ सांगावी तसा आवाज. मग उजवीकडची का म्हणालीस? तिने हातातली भाजी परातीत टाकली. "तुम्ही उजवी जरा पुढे धरली होतीत," ती म्हणाली. "तुम्हाला जी हवी असते ती तुम्ही नेहमी जरा पुढे धरता."

नेहमी! तो खुर्चीत बसला. पडद्याची दोन कापडं त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यातलं एक खरंच पुढे होतं. फ्रिजच्या दुकानात तो एका फ्रिजवर हात टेकून उभा होता. मुलीचं दुसरं नाव त्याने आवाज जरा लांबवून घेतलं होतं. डोंगर म्हणताना तो हसला असणार, समुद्र म्हणताना नसणार. जन्मभर तो तिला विचारत होता आणि जन्मभर उत्तर पुढे धरत होता, आणि ती ते बिनचूक वाचत होती. तपासली गेलेली ती नव्हतीच. मग त्याच्या मनात पुढचं आलं आणि ते त्याने विचारलंही, की एकदाही कसं वाटलं नाही तुला, की मागची उचलावी? उचलली होती, ती म्हणाली. कपाटाच्या वेळी. नवीन लग्न झालं होतं, तुम्ही दोन कपाटं दाखवलीत आणि मी म्हटलं होतं मला पहिलं आवडलं. तुम्ही पहिलं घेतलंत. मग जेवताना बोलणं बंद झालं तुमचं. मी विचारलं की काही नाही म्हणायचात. किती तरी दिवस मी त्या कपाटाकडे बघत एकटीच बोलायची, आणि शेवटी मीच म्हटलं, मला वाटतं दुसरंच बरं होतं, आणि मग तुम्ही हसलात. त्याला ते कपाट आठवत होतं. गप्प बसलेलं मुळीच आठवत नव्हतं. आणि हे ऐकताना त्याच्या घशापर्यंत तेच येऊन थांबलं होतं, तीच रुसवी, जड, गरम शांतता, की आपण इतकं केलं आणि हिने हे लक्षात ठेवलं. उठून आतल्या खोलीत जावं असं त्याला फार वाटलं. खुर्चीचे हात त्याने घट्ट धरून ठेवले.

मग त्याने विचारलं. हात रिकामे, समोर दोन वस्तू नाहीत, नजर कुठे ठेवावी कळत नाही, अशा अवस्थेत आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तुला काय हवं आहे?" आणि पुढे काही जोडायला जीभ शिवशिवत असताना तो गप्प राहिला. बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती परत परत घरघरत होती. भाजीच्या देठांचा ढीग तिने एका बाजूला केला.

"त्यांनाच परत बोलवा," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात त्यांना, मला माहीत आहे. नमुना परत मागायला फोन आला होता त्यांचा. म्हणाले, ताई, तुमचा विचार बदलला म्हणे."

म्हणजे इतके दिवस तिला माहीत होतं. ती चहा करत होती, वाढत होती, मुलीशी हसत होती आणि तिला माहीत होतं. तो चाचरत म्हणाला की दुसरे पुष्कळ आहेत, तो माणूस वेळ पाळत नाही, थापाड्या आहे. आहेच, ती म्हणाली. पण त्यांना मी नको म्हटलं की ते दुसरी टाइल काढतात. हे नको म्हटलं की तिसरी काढतात. त्यांचं तोंड उतरत नाही. मला इतकं बरं वाटलं हो, ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज थोडा हलला, नको म्हणून बघायला इतकं बरं वाटलं, की हिरवा तर मी नंतर ठरवला, आधी मी नुसतीच नको, नको म्हणत होते.

आयुष्यात तिने त्याच्याकडे पहिली गोष्ट मागितली होती आणि ती होती नेमकी ही. दुसरं काहीही चाललं असतं. सोनं चाललं असतं, समुद्र चालला असता, मुलीकडे जाऊन राहते म्हणाली असती तरी चाललं असतं. त्याने खिशातून फोन काढला. नाव शोधताना अंगठा दोनदा चुकला. कंत्राटदाराने हॅलो म्हणायच्या आधीच पलीकडून कटरचा किरकिराट ऐकू आला. बोला साहेब, तो ओरडून म्हणाला, ताईंचं मन फिरलं वाटतं परत? आता हो म्हटलं की संपलं होतं. पलीकडचा माणूस चौकशी करणाऱ्यातला नव्हता. बायको समोर बसून नखातली माती काढत होती. "त्यांचं मन फिरलं नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला." पलीकडे कटर थांबला. मग कंत्राटदार हसला, असूद्या असूद्या म्हणाला, दोन शब्दांत याच्या अब्रूचा निकाल लावून मोकळा झाला, आणि म्हणाला, मग रंगाचं काय, द्या ताईंकडे.

त्याने फोन तिच्याकडे दिला आणि तिथून जायला हवं होतं, पण तो गेला नाही. आपण खोलीत असताना ती कशी बोलते हे त्याला पाहायचं होतं. तिने फोन कानाला लावला, कंत्राटदाराचं ऐकून घेतलं, हो हो म्हणाली, मग फोनवर तळहात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो दचकला. पुन्हा तेच, त्याला वाटलं, आता पुन्हा ती आपलंच उत्तर आपल्या चेहऱ्यावर शोधणार. "तुम्हाला हिरवा खरंच नाही आवडत?" तिने विचारलं. पोटातली कळ जिथल्या तिथे होती, त्या खोलीसाठी, त्या दुपारसाठी, जे जे त्याला न सांगता त्या वेलदोडे चघळणाऱ्याला सांगितलं गेलं त्या सगळ्यासाठी. आवडतो म्हणावं आणि मोकळं व्हावं, तोंडावर आलंच होतं. पण मग ती त्याने दिलेली टाइल झाली असती, आणि बायको म्हणाली असती, तुमची निवड कधी चुकत नाही.

"नाही आवडत," तो म्हणाला. "मुळीच नाही आवडत."

तिने ते ऐकलं. नीट ऐकलं, मान हलवली, आणि तळहात काढून फोनमध्ये म्हणाली, "यांना आवडत नाही. पण हिरवाच घ्या."

मग कापलेले तुकडे फ्रिजमागे गेले पाहिजेत, दारापाशी अजिबात नकोत, हे ती कंत्राटदाराला बराच वेळ समजावून सांगत होती, आणि तो तिच्यासमोर बसून ऐकत होता.